दुसरं कलम

मालविकाने उत्तरपत्रिका अंतराच्या कीबोर्डवरच ठेवली. स्क्रीनवरच्या अर्धवट ईमेलमध्ये एकाच अक्षराची रांग धावत सुटली. अंतराने पत्रिका उचलून बाजूला केली, ती रांग सावकाश पुसली आणि मग चष्म्यावरून वर पाहिलं.

"पंधरापैकी तेरा दिले होते मी," मालविका म्हणाली. "तू चार केलेस."

"मॉडरेशन आहे ते. आधी दार लाव."

दार लागलं तशा दोघी मराठीत बोलायला मोकळ्या झाल्या. कतारमध्ये, अल दुहैलमधल्या या शाळेत इतिहासाच्या विभागात त्या दोघीच मराठी. मीटिंगमध्ये इंग्रजी, कॉरिडॉरमध्ये हिंदी आणि दार लागल्यावर मराठी, असं नऊ वर्षं चाललं होतं. अंतरा विभागप्रमुख होती. बारावीचे गुण तिच्या फेरतपासणीनंतर, तिच्या सहीने पुढे जात, आणि या वेळचे गुण रविवारी सकाळी परदेशातल्या विद्यापीठांकडे जायचे होते. आज गुरुवार, आठवड्याचा शेवटचा दिवस.

"चार गुणांवर इनायाची स्कॉलरशिप जाईल," मालविका म्हणाली. "तुला माहीत आहे ते."

"माहीत आहे. म्हणूनच चार दिले. नाहीतर हे दोनाचं उत्तर आहे."

"वाचलंस तरी का नीट?"

"तीनदा वाचलं." अंतराने पत्रिकेचं दुसरं पान उघडलं. "प्रश्न काय होता? तीस वर्षांच्या युद्धाच्या दीर्घकालीन परिणामांचं मूल्यमापन करा. आता हे बघ. 'खऱ्या माणसांनी तो पाव घेतला नसेल.' मालविका, घेतला गं. तीन दिवसांची उपाशी माणसं होती ती. आणि हिचा पुरावा काय? तर 'माझ्या आईने घेतला नाही.' हा इतिहास आहे?"

"मग इतिहास काय आहे? सार्वभौम राज्यांचा उदय, दोन गुण? धर्म आणि राजकारण यांची फारकत, दोन गुण? एक अख्खं शहर जळालं, वीस हजार माणसं मेली, त्याला तुझ्या त्या उत्तरसूचीत एक गुण तरी आहे का?"

"उत्तरसूची माझी नाही."

"पण लाल पेन तुझं आहे ना!"

बाहेरच्या काचेतून कुणीतरी आत डोकावून गेलं. अंतराने आवाज आणखी खाली आणला. चिडली की तिचा आवाज नेहमी खाली जाई, आणि मालविकाला नेमकं तेच सहन होत नसे.

"एक सांगू? तू तिला इतिहास शिकवत नाहीयेस. तू तिला तुझ्या वतीने चिडायला शिकवते आहेस."

मालविकाने पत्रिका ओढून घेतली. पान कोपऱ्यात फाटलं.

"रविवारी सातला तिला माझ्याकडे पाठव," अंतरा म्हणाली. "हाच प्रश्न, पाऊण तास. नवीन उत्तर लिहू दे. आठच्या आत मी तपासून गुण पाठवते. नियमात बसतं, मी बघितलंय."

"ती एक ओळ बदलणार नाही."

"असं ती म्हणाली?"

"मी म्हणते आहे."

मालविका तडक ऑफिसमध्ये गेली आणि गुणांच्या फेरविचाराचा अर्ज मागून घेतला. अर्ज मुख्याध्यापकांकडे जायचा होता, आणि खाली पालकांच्या सहीसाठी जागा होती.

तिथूनच ती गाडी घेऊन इनायाच्या घरी निघाली. सिग्नलला मागच्याने हॉर्न दिला तेव्हा ती काच खाली करून काहीतरी ओरडणार होती. हवेत धूळ होती, रस्त्याच्या टोकाच्या इमारती अर्ध्यातूनच दिसत होत्या.

तीस वर्षांचं ते युद्ध ती दरवर्षी शिकवायची. सोळाशे अठरा ते सोळाशे अठ्ठेचाळीस. जर्मन प्रदेशात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात पेटलेलं, आणि पुढे शेजारच्या राजांनी आपापल्या सोयीने पेटत ठेवलेलं. काही मुलखांत तर दर तीन माणसांतलं एक गेलं. कुणी तलवारीने, बरेचसे उपासाने आणि साथीने. मॅग्डेबर्ग हे प्रोटेस्टंट शहर सोळाशे एकतीसच्या मे महिन्यात सम्राटाच्या सैन्याने घेतलं आणि ते एका दिवसात जळून गेलं. हजारेक माणसं मोठ्या चर्चमध्ये दारं लावून बसली होती. तिसऱ्या दिवशी सेनापतीने दारं उघडायला लावली, त्यांना जीवदान दिलं आणि पाव वाटला. मालविका हे सांगायची तेव्हा वर्गातली मुलं फोन खाली ठेवत.

आणि मग शेवटी तह. पाच वर्षं वाटाघाटी चालल्या, त्याही दोन वेगवेगळ्या गावांत, कारण दोन्ही बाजूंना एका गावात बसायचं नव्हतं. त्या तहाचं दुसरं कलम तिने या वर्षी पहिल्यांदाच फळ्यावर लिहिलं होतं. युद्ध सुरू झाल्यापासून कुणी कुणाचं जे काही वाईट केलं असेल, ते सगळं दोन्ही बाजूंनी कायमचं विसरायचं.

"विसरायचं कुणी?" मागच्या बाकावरून इनायाने विचारलं होतं. तिने हात वर केला नव्हता. "ज्यांनी सह्या केल्या ते चर्चमध्ये होते का?"

वर्गात कुणीतरी हसलं. मालविका हसली नाही. तास संपल्यावर तिने इनायाला थांबवलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या मुलीने सांगितलं. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. ती सहा वर्षांची होती. अब्बा इथे कतारला, घरी ती आणि अम्मी दोघीच. दंगल झाली, गल्ली जळाली, आणि चाळीस माणसं कापसाच्या बंद जिनिंग कारखान्याच्या गोदामात तीन दिवस लपून बसली. तिसऱ्या दिवशी ज्यांनी जाळलं त्यांच्याच घरून जेवण आलं. अम्मीने ते उचलून फेकून दिलं.

"हे लिही," मालविका म्हणाली होती. आता गाडी चालवताना तिला ते आठवलं, आणि तिने स्टीअरिंग जरा जास्तच घट्ट धरलं. बरोबरच म्हणाली होती ती. तेव्हा इनायाचे डोळे कसे दिसत होते ते अंतराने पाहिलं नव्हतं.

अल नस्रमधल्या जुन्या इमारतीत, पडदे शिवणाऱ्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर इनायाचं घर होतं. दार तिच्या बापाने, मजीदने उघडलं. मेसईदच्या पोलादाच्या कारखान्यात तो फोरमन होता. कंपनीच्या बसने तो नुकताच परत आलेला दिसत होता, केस ओले होते आणि शर्ट इस्त्रीचा. मुलीची फी कंपनी भरत होती म्हणूनच ती त्या शाळेत होती, आणि हे तो प्रत्येक पालकसभेत स्वतःहून सांगे.

"या मॅडम, या. तुम्ही कशाला तरास घेतला, म्या आलो असतो शाळेत."

समोरच्या खोलीत सोफा, टीव्ही आणि कोपऱ्यात इनायाचं टेबल होतं. इनाया टेबलाशी उभीच होती. तिला गुण कळले होते. चेहरा धुतलेला होता, तरी डोळे लाल दिसत होते. तिची अम्मी हजरा टेबलावर चहाचा कप ठेवून स्वयंपाकघराच्या दारात ओढणीचं टोक हातात धरून उभी राहिली.

मालविकाने सगळं सांगितलं. उत्तर उत्तम आहे. वरच्यांनी समजून न घेता गुण कापलेत. हा अन्याय आहे आणि आपण तो खपवून घ्यायचा नाही. बोलता बोलता तिचा आवाज पुन्हा चढला. मजीद ऐकत होता आणि प्रत्येक वाक्याला त्याची मान हलत होती.

"कापणारच," तो म्हणाला. "खरं लिवलं की कापतेत. पण मॅडम, लेकरू कुणाचं हाय? हिचं हाय." त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे हात केला. "तुम्हाला सांगितलं असंल इनायानं. तीन दिवस पोटात कण नाई, अन् समोर भाकरी आल्यात. हिनं दुरडी उचलली आन् फेकली त्यांच्या तोंडावर. आख्ख्या गावानं पाहिलं. मेसईदला आमच्या कॅम्पात कुणालाबी इचारा, समद्यांना म्हाईत हाय. बोला, सही कुठं करायची?"

त्याने खिशातलं पेन काढलं. मालविकाने अर्ज टेबलावर सरळ केला.

"थांबा जरा," हजरा म्हणाली.

ती एवढा वेळ काही बोलली नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"काय लिवलंय ते तरी कळू द्या. सही करायलो कशावर?"

"इंग्रजीत हाय ते," मजीद म्हणाला.

"मॅडमला मराठी येतं की."

मालविकाला ते आवडलं. या बाईनेच ऐकायला हवं होतं, खरं तर सगळ्यांत आधी हिनेच. ती सोफ्याच्या कडेवर पुढे सरकली, पत्रिका हातात धरली आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. वर्गात असताना तिचा आवाज लागे तसा लागला.

"'या युद्धाचे परिणाम विचारले की आम्हाला चार परिणाम शिकवले जातात. पाचवा शिकवला जात नाही. तो तहाच्या दुसऱ्या कलमात आहे. ज्यांचं काही गेलं नव्हतं, त्यांनी बाकीच्यांना विसरायला सांगितलं. तेव्हापासून जगातला प्रत्येक तह असाच होतो.'"

"सही बात," मजीद पुटपुटला.

"'मॅग्डेबर्गच्या चर्चमध्ये वाचलेल्या लोकांना तिसऱ्या दिवशी पाव मिळाला. पुस्तकात याला दया म्हटलंय. ज्याने घर जाळलं त्याच्या हातचा पाव म्हणजे दया नाही. तो दुसरा हल्ला आहे. पहिल्या हल्ल्यात त्याने घर घेतलं, दुसऱ्या हल्ल्यात त्याला तुमचं तोंड हवं असतं. खऱ्या माणसांनी तो पाव घेतला नसेल. मला हे ठाऊक आहे, कारण माझ्या आईसमोर तो आला, आणि माझ्या आईने घेतला नाही.'"

या वाक्याजवळ समासात मालविकाच्याच हातच्या दोन लाल खुणा होत्या, बरोबरच्या, एकावर एक.

इनाया खाली बघत होती. मजीदचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्याला काही गरज वाटत नव्हती.

"हे खोटं हाय," हजरा म्हणाली.

मालविकाला वाटलं, आपण कुठलातरी शब्द चुकीचा वापरला. "म्हणजे, शब्दशः असं नाही, पण ती म्हणते की—"

"समजलं मला ती काय म्हणती ते. चांगलं सांगितलं तुम्ही. पण खोटं हाय. म्या घेतली भाकर."

मजीद उठला. तो एकदम त्यांच्या घरच्या बोलीत बोलू लागला, "हजरा, चुप. घर की बात घर में. मेहमान बैठे हैं."

"मराठीतच बोलणार मी," हजरा म्हणाली. "मराठीतच झालं होतं ते. मॅडमलाबी कळू द्या, त्यांनी खुणा केल्यात त्याच्यावर."

मालविकाचा अंगठा आपोआप त्या दोन खुणांवर सरकला.

हजरा दारातून पुढे आली, पण बसली नाही. सोफ्याच्या पाठीवर एक हात ठेवून ती उभी राहिली. ती मोठ्याने बोलत नव्हती. एकेक शब्द मात्र दगड ठेवावा तसा ठेवत होती.

"तिसऱ्या दिवशी दुपारी जिनिंगचं मागचं दार वाजलं. सत्यभामा होती. आमच्या भिंतीला भिंत तिच्या घराची. तिचा नवरा फाटकापाशी उभा होता, तोंड तिकडं करून. पहिल्या रात्री त्याच्या हातात काय होतं ते म्या माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सत्यभामानं दुरडी खाली ठेवली. भाकरी होत्या, पिठलं होतं. आम्ही चाळीस माणसं आत. कुणीच उठंना. सगळे एकमेकांकडं बघायले. पयलं कोण उठतंय, तेच बघायले."

तिने मजीदकडे पाहिलं.

"मी उठले. सगळ्यात पयली मी."

"तू फोनवर मला सांगितलं होतंस," मजीद म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "मी इथं, लेबर कॅम्पात, दोन दिवस फोन लागंना, भिंतीवर डोकं आपटायलो. तिसऱ्या दिवशी फोन लागला, आन् तू सांगितलंस, फेकली म्हणून."

"म्या नाई सांगितलं. तुम्ही इचारलं. आठवा. 'हजरा, त्यांच्या हातचं काही घेतलं तर नाई ना?' असं इचारलं तुम्ही. तीन दिवसांनी नवऱ्याचा आवाज ऐकायले, आन् तो पयलं हे इचारतो. काय सांगणार होते मी? नाई म्हणाले. मग तुम्हीच इचारलं, 'फेकून दिली असंल?' मी हाव म्हणाले. झालं. त्याच्यापुढचं सगळं तुमचंच हाय. तोंडावर फेकली, आख्ख्या गावानं पाहिलं, ते सगळं तुम्ही रचलं."

"हजरा—"

"अकरा वर्षं!" आता मात्र तिचा आवाज वर गेला, आणि मालविका दचकली. "अकरा वर्षं तुम्ही माझ्या हातातली भाकर फेकायलात. पाहुणे आले की फेकायलात. कारखान्यात फेकायलात. ईदला सगळे जमले की फेकायलात, आन् मी आत उभी राहून तुमच्या पाहुण्यांसाठी शीरखुर्मा करायले. कुणी मला इचारलं का, हजरा, खरंच का गं? आता हिनं लिवून ठेवलं. परदेशात जाणार ते कागद."

इनाया टेबलापासून पुढे आली. ती नेहमीसारखं इंग्रजी मिसळूनच बोलली, पण आवाज तिचा वाटत नव्हता.

"यू एट इट? त्यांचं?"

"तू खाल्लंस," हजरा म्हणाली. "दीड भाकर. तुला ताप होता, गिळता येत नव्हतं. मी चावून चावून देत होते तुझ्या तोंडात. तुला वाटतं तू कशावर वाचलीस? माझ्या इज्जतीवर?"

इनायाने ओठ घट्ट मिटले. तिचे खांदे वर आले होते, कुणीतरी मारायला हात उगारल्यावर येतात तसे.

"आन् सगळंच ऐकायचं तर ऐक. मी सत्यभामाला म्हणाले, 'देव तुझं भलं करो.' अल्ला नाई म्हटलं. देव म्हटलं. तिचा नवरा ऐकायला होता म्हणून देव म्हटलं. कुणी सांगितलं नव्हतं मला. माझ्या मनानं म्हणाले. ते तुझ्या त्या पुस्तकात काय म्हणतेत मला म्हाईत नाई. दया म्हणतेत का दुसरा हल्ला म्हणतेत. पण जिनिंगमधल्या चाळीसच्या चाळीस माणसांनी खाल्लं त्या दिवशी. तू लिवलंस, खऱ्या माणसांनी घेतलं नसंल." ती मुलीकडे बघत राहिली. "मग मी कोण? ते सगळे कोण?"

खाली रस्त्यावर एका गाडीचा दरवाजा जोरात लागला.

मालविकाच्या मनात बरंच काही आलं. म्हणावं, की इनायाला तसं म्हणायचं नव्हतं. पण इनायाला तसंच म्हणायचं होतं, आणि तिने, मालविकाने, त्याच्यावर दोनदा बरोबरची खूण केली होती. दुपारी अंतराने तेच एक वाक्य बोट ठेवून दाखवलं होतं, आणि तेव्हा तिला अंतराच्या तोंडावर दार आपटावंसं वाटलं होतं. तो राग अजून गेला नव्हता. फक्त आता तो कुणावर काढायचा हे तिला कळत नव्हतं. तिने अर्ज उचलला आणि त्याची घडी घालू लागली.

"मी काय म्हणते, हजराताई," ती हळू म्हणाली. "राहू द्या हे. मी उगाच आले असं."

"उगाच कशाला? बरं झालं आलात. तुम्ही वाचलं नसतं तर हे मला कधी कळलंच नसतं." हजराने ओढणीच्या टोकाने मान पुसली. "लेकराची मेहनत हाय ती. सही लागत असंल तर ते करतेत. मी फक्त एवढंच म्हणते, खोटं हाय."

मजीदच्या हातात पेन अजून उघडंच होतं. त्याने त्याकडे पाहिलं, टोपण लावलं आणि ते खिशात ठेवण्याऐवजी टेबलावर ठेवून दिलं. मग तो सोफ्यावर बसला. बायकोचा हात सोफ्याच्या पाठीवर होता तिथून बराच दूर, दुसऱ्या टोकाला.

"अकरा वर्षं," तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही. "मला वाटायचं, मी तिथं नव्हतो. निदान तू तरी..." पुढचं त्याने गिळलं.

इनाया मालविकापुढे येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. मालविकाने पत्रिका दिली. इनायाने ती उघडली, ते पान काढलं आणि वाचलं. मालविकाला वाटलं, आता ती हे फाडणार. पण तिने फाडलं नाही. घडी केली आणि टेबलाच्या खणात टाकली.

"अर्ज नको, मॅम. फोर इज फेअर."

"इनाया, तसं नाही. रविवारी सातला पुन्हा लिहिता येईल. अंतरा मॅम म्हणाल्या आहेत." ही सोय दुपारीच आपण तिच्या वतीने नाकारली होती, हे मालविकाने सांगितलं नाही. नाव घेताना मात्र तिची मान खाली गेली.

"काय लिहू?" इनाया ओरडली. आता ती रडत होती, आणि रडण्याचाही तिला राग आला होता. पुरुषासारखं मनगटाने ती डोळे पुसत होती. "व्हॉट डू आय राइट? सार्वभौम राज्य? टेल मी. मला येतं ते पाठ, चारही मुद्दे येतात. तेच लिहू?"

"मला माहीत नाही," मालविका म्हणाली. तेवीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही विद्यार्थ्याला तिने हे उत्तर दिलं नव्हतं.

इनाया आईकडे वळली. "आणि ती? ती बाई? नवऱ्याने आमचं घर जाळलं आणि ही पिठलं घेऊन येते? का आली ती? कशाला? तुला वाटलं नाही विचारावं?"

"नाई."

"मला विचारायचंय. मला तिच्या तोंडून ऐकायचंय, तिला काय वाटत होतं ते. शी ओज मी दॅट."

"काही ओज नाई ती तुझं," हजरा म्हणाली. देणं लागण्याचा तो इंग्रजी शब्द तिच्या तोंडी पहिल्यांदाच आला असावा. "पण इचारायचं तर इचार."

इनायाने टेबलावरून फोन उचलला.

"नंबर कुणाकडे असेल तिचा?" तिने बापाला विचारलं.

मजीदने मान हलवली. "कोण देणार? त्या गल्लीत आपलं आता कुणी उरलं नाई. जिती हाय का मेली तेबी म्हाईत नाई."

हजरा टेबलावरच्या चहाच्या कपाकडे बघत होती. मालविकाने तो प्यायलाच नव्हता. हजराने तो उचलला, आणि मग कुणाकडेही न पाहता दहा आकडे सांगितले. कुठेही न अडता, एका दमात, घरचाच नंबर असल्यासारखे.

मजीदने मान वर केली.

इनायाने आकडे दाबले. अंगठा हिरव्या बटणावर गेला.

"आत्ता नको," हजरा म्हणाली. ती कप घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली होती, दारात थांबली. "तिकडं साडेसात झाले असतील. ती नवऱ्याला भरवायली असंल. त्याचे हात चालत नाईत आता. आठनंतर लाव."